पावण्यानं भांडं उचलायचं न्हाय

माझ्या कामाला म्हणायचं काय, हा घोळ आमच्या दारावरच्या पाटीपासूनच सुरू झाला. आमचे हे हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, त्यामुळे पाटी घरच्या घरी झाली. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'गृहसेवा केंद्र'. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी सायकल मारत शिवाजी पेठेत आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "युरिया आलाय न्हवं?" त्यांच्या गावच्या सेवा सोसायटीत खत मिळायचं, म्हणजे इथंही मिळणार असा त्यांचा अंदाज. मग ह्यांनी पाटीखाली आणखी एक ओळ घातली, 'घरी अंथरुणावर असलेल्या वडीलधाऱ्यांची काळजी घेणारी माणसे मिळतील'. त्यानंतर लोक थांबायचे, वाचायचे, पुन्हा वाचायचे आणि हसत पुढे जायचे. वडीलधाऱ्यांचं करायला घरात माणसं नाहीत काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

तर आधी काम समजावून सांगते. मी शहरातल्या एका दवाखान्यात नर्स होते. अर्धांगवायू झालेले, खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे आमच्या वॉर्डात यायचे, जरा सावरून घरी जायचे आणि थोड्याच दिवसांत पाठीला जखमा घेऊन परत यायचे. घरचे दुर्लक्ष करायचे असं अजिबात नाही. उलट माया एवढी, की "हलवू नगा, तरास हुतोय त्यास्नी" म्हणून माणसाला जागचं हलू द्यायचे नाहीत. आणि अंथरुणावरच्या माणसाला न हलवणं हेच सगळ्यात वाईट. त्याची कूस बदलत राहावी लागते, पाठ पुसून कोरडी ठेवावी लागते, घास भरवताना मान उचलून धरावी लागते, शौचाचं भांडं द्यावं आणि उचलावं लागतं. त्याला उचलताना आपली पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवावे लागतात, नाहीतर पंधरवड्यात त्याच्या खाटेशेजारी आपली खाट पडते. शास्त्र एवढंच. पण ते करायला घरात एक मोकळं, दणकट आणि न कंटाळणारं माणूस लागतं. असं माणूस शोधायचं, शिकवायचं आणि खेड्यापाड्यात पोचवायचं, हे माझं काम. दवाखान्यातली नोकरी सोडून मी ते सुरू केलं तेव्हा बरोबरीच्या सिस्टरांनी मला वेड्यात काढलं होतं.

शहरातली बाई खेड्यात पाठवली, की आठवड्याच्या आत एसटी धरून परत यायची. म्हणून मीच एसटी धरून गावोगाव जायचे आणि थेट पिठाची गिरणी गाठायचे. ग्रामपंचायत नाही, देऊळ नाही, गिरणीच. तिथं डबे रांगेत ठेवून बायका बसलेल्या असतात. कुणाच्या घरात कोण आजारी, कोण माहेरी परत आली, कुणी सासूचं कसं केलं, हे सगळं पिठाबरोबर बाहेर पडत असतं. 'तिनं सासूचं लई केलं' असं एखादीबद्दल दोघीतिघींच्या तोंडून ऐकलं, की मी तिच्या घराकडे वळायचे. नवऱ्यानं टाकलेल्या, लवकर विधवा झालेल्या, भावाच्या घरात अडगळ झालेल्या अशा कितीतरी जणी मला गिरणीवर मिळाल्या. एक तर नुसती घरात करमत नाही म्हणून आली होती, आणि तीच सगळ्यांत जास्त वर्षं टिकली.

निवड करायच्या माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. आलेल्या बाईला मी प्रश्न विचारायचे नाही. "जरा आमच्या सासूबाईंची वेणी घालता का?" एवढं म्हणायचे आणि चहा टाकायला आत जायचे. चहा उकळेपर्यंत निकाल लागलेला असायचा. "हिचा हात जड आहे गं, घरी पाठव." नाहीतर, "ही राहू दे. केस ओढला गेला की माझ्याआधी हीच आई गं म्हणते." त्यांचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. लग्न होऊन आल्यावर मीही त्यांची वेणी घातली होती. तिचा निकाल काय लागला, हे विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आईसाठी बाई हवी म्हणून आले. सगळं बोलणं झालं आणि उठता उठता म्हणाले, "बाईला मागाच्या सुताच्या कांड्या भराय येतात न्हवं? आईजवळ नुसतंच बसायचं, तवर कांड्या तरी हुतील."

मी म्हटलं, "माझी बाई कांड्या भरेल. पण मग तुमच्या आईची कूस तुमचा माग बदलणार का?"

ते खो खो हसले आणि बाई घेऊन गेले. पुढे कळलं, की म्हातारी उशाला टेकून बसायला लागली तशी तिनंच कांड्या मागवून घेतल्या, आणि माझी बाई तिच्यापुढे सूत धरून बसायला लागली.

पण खरी अडचण शरमेची होती. मुलंसुना असताना आईबापाला बघायला पगारी माणूस ठेवलं, हे गावात कळणं म्हणजे घराण्याचं नाक कापलं जाणं. लोक माझ्याकडे यायचे ते इकडेतिकडे बघत, टॉवेलानं तोंड पुसत. त्यावर मी तोडगा काढला. आमचं माणूस त्या घरात पाहुणं म्हणून जाईल. मावशीची जाऊ, आत्याची नणंद, काहीतरी नातं लावायचं. आमच्या भागात रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही 'ओ पावणं' म्हणून हाक मारतात. तिथं एका घरात एक पाहुणी वाढली तर कोण विचारणार? बायकांच्या बाबतीत हे छान जमलं. पाहुणी आली तरी पदर खोचून कामाला लागते, म्हातारीचं करते, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एकीला तर शेजारच्या घरातून मागणी आली आणि ती लग्न होऊन खरोखरच त्या गावची झाली. ह्यांनी विचारलं, "पाटीवर वधूवर सूचक घालू का?"

एवढं यश मिळालं की माणूस थोडा फुगतोच. मी फुगले होते आणि तेव्हाच सर्जेराव आला.

सर्जेराव भोगावतीकाठच्या एका गावचा, शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर जाणारा. त्याचे वडील, आबा, एके काळचे नावाजलेले पैलवान. पुढे गावच्या तालमीत त्यांनी पोरंही तयार केली होती. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, म्हणजे अर्धांगवायू. मी बघायला गेले, तर मागच्या खोलीत दार लोटून घेतलेलं आणि अंधारात एक पडलेला डोंगर. त्यांची बायको, जिला सगळं गाव काकी म्हणायचं, ती चिमणीएवढी. सून बाळंतपणाला माहेरी. आबांना एका कुशीवरून दुसरीवर करायला काकी भिंतीला पाय लावून ढकलायची आणि मग स्वतःची कंबर धरून खाली बसायची. बाहेरच्या बाईनं हात लावायचा नाही, हे आबांनी वाकड्या तोंडानं का होईना, पण ठणकावून सांगितलं होतं. मुलानं हात लावला, की ते डाव्या हातानं त्याला लोटायचे.

मी काकीच्या मदतीनं त्यांची पाठ बघितली. माकडहाडावर जखम धरायला लागली होती. सर्जेरावाला बाहेर नेऊन मी स्पष्ट सांगितलं, "हे बघ, तुझ्या वडिलांना वाऱ्यानं काही होणार नाही. ही जखम आत गेली तर मात्र ते वाचायचे नाहीत. कूस बदलायला दणकट पुरुष माणूस पाहिजे, आणि आजच पाहिजे."

"बघा की तुमीच कुणीतरी," तो म्हणाला. "पर गावाला कळाय नगो. आबांचा ल्योक मी. लोकं थुकतील तोंडावर."

पुरुष माणूस! माझ्याकडे एकही नव्हता. ह्या कामाला पुरुष यायचेच नाहीत. मग मला आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पायरीवर बसून असणारा दत्तू पैलवान आठवला. कान फुटलेले, मान आणि डोकं एकाच जाडीचं. मैदानात गुडघा दुखावल्यापासून त्याची कुस्ती सुटली होती आणि कुस्तीखेरीज त्याला काही येत नव्हतं. पूर्वी गल्लीत सगळ्यांच्या खोड्या काढणारा दत्तू आता कुणी हाक मारली तरी नुसती मान हलवायचा. त्याची आई सासूबाईंपाशी येऊन डोळे पुसायची.

मी विचारलं तेव्हा मात्र त्याला वाचा फुटली. "सिस्टर, म्हाताऱ्याचं भांडं उचलू व्हय मी? तालमीतली पोरं हसून हसून मरतील की!"

"पेठेत कुणाला कळतंय? तू तिथं पाहुणा म्हणून जायचंस."

त्यानं जरा विचार केला. "खायाप्याचं काय?"

"घरात म्हशी आहेत."

"मग बघू की," दत्तू म्हणाला.

नियमाप्रमाणे त्याला सासूबाईंसमोर उभा केला. वेणी घालायला सांगणं बरं दिसेना, आणि तो तर त्यांच्या पायावर डोकं ठेवून जो मागे सरकला तो भिंतीलाच टेकला. सासूबाई म्हणाल्या, "मला जरा उठायचंय." दत्तूनं आपला हात आडवा पुढे केला आणि तसाच धरून उभा राहिला. सासूबाईंनी सावकाश तो हात पकडला आणि आपल्या बेतानं उठल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाकीचे सगळे मला धरून ओढतात. हा आपल्याला धरू देतो. ह्याला घे."

शिकवणी आमच्याच घरात झाली. पेशंट म्हणून ह्यांना खाटेवर आडवं केलं. एक हात मांड्यांखाली, एक पाठीमागून, माणूस आपल्या छातीशी, गुडघे वाकलेले आणि पाठ ताठ, असं मी सांगत होते. दत्तूनं अर्धं ऐकलं आणि जुन्या सवयीनं पाय ओढून ह्यांचा पटच काढला. हे खाटेच्या पलीकडे. त्यानंतर ह्यांनी पेशंट व्हायला कायमचा नकार दिला आणि पुढची शिकवणी गव्हाच्या पोत्यावर झाली. पैलवानाला कमरेतून वाकून उचलायची खोड असते. ती मोडायला मला घसा कोरडा करावा लागला.

आबांच्या मावसभावाचा मुलगा, असं नातं लावून दत्तूला पोचवला आणि मी निर्धास्त झाले. आठवड्यानं बघायला गेले. पुढच्या सोप्यात खाटेवर दत्तू मांडी घालून बसलेला, भोवती गावातली चार जाणती माणसं, कुस्तीच्या गप्पा रंगात आलेल्या. समोर पांढऱ्या रश्श्याची वाटी. काकी चौथ्यांदा वाढायला बाहेर येत होती आणि दत्तू पोटावरून हात फिरवत "बास की आता" म्हणत होता. मला बघून तो चटकन उभा राहिला. गालांवर चांगलीच चरबी चढली होती. काकीची मात्र हाडं वर आली होती.

मी सरळ मागच्या खोलीत गेले. आबा होते तसेच पडलेले. जखम वाढली होती. मी बाहेर आले ती पेटूनच. मला बघून जाणती मंडळी तंबाखू झटकत अंगणात सरकली. तेवढ्यात सर्जेराव पाळी संपवून आला.

"दत्तू, कूस कोण बदलतंय?"

"काकी बदलत्यात," तो खाली मान घालून म्हणाला. "मला खोलीत जाऊच देत न्हाईत वो. परवा भांडं उचललं तर हातातनं हिसकून घेतलं."

काकी मधे पडली. "पावण्यानं भांडं उचलायचं न्हाय, बाई! ह्यांच्या मावसभावाचा ल्योक त्यो. त्याला घाण काढाय लावली म्हंजे आमच्या घराची अब्रू काय ऱ्हाईल?"

"अहो काकी, तो पाहुणा नाही! हे आपणच ठरवलंय ना?"

"ठावं हाय की मला," काकी म्हणाली. "पर हप्ताभर पावणं पावणं म्हणतोय आमी, ते बसलंय तोंडात. आन दारात आलेला पावणा, त्याला बसवून खायाला घालायचं का त्याच्या हातात भांडं द्यायचं?"

माझ्या तोडग्यानं ह्या घरात मदतीचं माणूस न येता जेवायचं माणूस वाढलं होतं. मी दत्तूला म्हटलं, पिशवी भर. सर्जेरावाला म्हटलं, "आता गावात उघड सांग, की आबांसाठी पगारी माणूस ठेवलंय. नाहीतर रजा टाकून तू स्वतः घरी बस." तो तोंड फिरवून म्हणाला, "त्ये काय जमायचं न्हाय, सिस्टर." काकी रडायला लागली. मीही आवाज चढवला. ह्या गडबडीत दत्तू कधी आत गेला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आतून त्याचा आवाज आला तेव्हा आम्ही सगळे दारात गेलो. दत्तू खाटेच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसला होता आणि त्यानं आबांच्या लुळ्या पावलावर डोकं ठेवलं होतं.

"वस्ताद," तो म्हणाला, "मला पठ्ठा करून घ्या."

तालमीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तालमीत शिकवतो तो वस्ताद आणि त्याच्या हाताखाली तयार होतो तो पठ्ठा. पठ्ठा वस्तादाचं अंग रगडतो, आंघोळीचं पाणी काढतो, लंगोट धुतो. त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. उलट ज्याला ते करायला मिळतं त्याच्यावर बाकीची पोरं जळतात. म्हणजे पाहुण्याला जे करू देणं पाप, तेच पठ्ठ्याला करायला मिळणं हा मान. शिवाजी पेठेत जन्म घालवूनही मला हे सुचलं नव्हतं.

आबांनी मान त्याच्याकडे वळवली. मग तोंड वाकडं करत, एकेक शब्द जिभेवरून ढकलत म्हणाले, "उजवा... गुडघा... घासतोय तुजा. हप्ताभर... आयकतोय मी. कुणी... मोडला?"

अंधारात पडल्या पडल्या ह्या माणसानं सोप्यातल्या पाहुण्याची पावलं ऐकून त्याचं दुखणं ओळखलं होतं. दत्तूला हुंदका आवरेना. एवढा मोठा पैलवान, आणि वर्षभरात त्याच्या गुडघ्याबद्दल असं आपुलकीनं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"नारळ आन गं," आबा काकीला म्हणाले.

काकीनं नारळ आणला, पेटीतून आबांचा जुना फेटा काढला. आबांनी डाव्या हातानं तो दत्तूच्या डोक्यावर ठेवला. तो एका कानावर घसरला तसाच राहिला. मग दत्तू उठला, खाटेखालचं भांडं उचललं आणि आमच्यामधून वाट काढत परसात गेला. काकी तोंडाला पदर लावून बघत राहिली, पण तिनं त्याला अडवलं नाही. अंगणातली जाणती मंडळी जागच्या जागी उभी राहिली, आणि त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आबांनी पठ्ठा धरलाय जणू."

पठ्ठा घेतला म्हटल्यावर वस्ताद झोपून कसा राहील? दुसऱ्याच दिवशी आबांनी खाट सोप्यात घ्यायला लावली, कारण मागच्या खोलीतून त्यांना पठ्ठ्याचे जोर दिसत नव्हते. दत्तू अंगणात जोर काढायचा आणि आबा उशांना टेकून मोजायचे. सुरुवातीला 'एक' म्हणेपर्यंत दत्तूचे चार व्हायचे. पुढे आकडे सुटे झाले. मग शिव्या सुटायला लागल्या, तशी मी डॉक्टरांना आनंदानं कळवलं, की जीभ मोकळी होतेय. दत्तू सकाळ-संध्याकाळ त्यांचं अंग तेलानं रगडायचा, कूस बदलायचा, छातीशी धरून न्हाणीत न्यायचा. आबा त्याच्या गुडघ्याला कसला कसला लेप लावायला लावायचे आणि बैठका किती मारायच्या ते रोज ठरवायचे. काकीला दुपारी झोप मिळायला लागली. एके दिवशी मी गेले, आबांना कुशीवर केलं आणि बघितलं, तर जखमेवर लहान मुलाच्या ओठासारखी गुलाबी कातडी धरली होती. मला इतका आनंद झाला, की मी परसात जाऊन रडले. नर्सनं पेशंटसमोर रडायचं नसतं म्हणून परसात.

आमच्या केंद्रात पुढे इतके पैलवान कामाला लागले, की सासूबाई म्हणायच्या, दारात चपलांपेक्षा फुटके कान जास्त दिसतात. ते कुठून आले असं लोक मला विचारतात. ते त्या गावच्या जत्रेच्या मैदानातून आले.

दत्तूचा गुडघा सुधारला तशी त्याची जोड जत्रेत लावायची, हे आबांनी परस्पर ठरवलं होतं. पण स्वतः मैदानात यायचं नाव काढलं, की ते तोंड भिंतीकडे करायचे. "पांगळा वस्ताद बघाय लोकं येतील. कुस्ती कोण बघील?" दत्तू म्हणाला, "मग म्या बी लंगोट बांधत न्हाय. वस्ताद न्हाय तर कुस्ती न्हाय." दोघंही हट्टाला पेटले. दोन दिवस अंगणात जोर नाहीत, सोप्यात मोजणी नाही. शेवटी आबांनीच सकाळी विचारलं, "ट्रालीत खुर्ची बसतीया का बघ." आणि काकी दाढीचं सामान आणायला पळाली.

पेशंट घराबाहेर निघाला, की भांडं बरोबर निघतं, हा आमच्यातला पक्का नियम. मी पिशवीत टॉवेल, पावडर आणि झाकणाचं भांडं घेतलं आणि ट्रॉलीत चढताना पिशवी सर्जेरावाकडे दिली. त्यानं आत बघितलं आणि ती लगेच मला परत केली. "सिस्टर, ही तुमच्याजवळच असू द्या. आख्खं गाव बसलंय तितं."

मैदानात आबांची खुर्ची कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला लावली. लोक वळून बघायला लागले तशी त्यांनी मान खाली घातली. मग एक म्हातारा येऊन त्यांच्या पाया पडला, त्याच्यामागून दुसरा, आणि कधीकाळी आबांच्या हाताखाली खेळलेले टक्कल पडलेले पठ्ठे एकेक करून यायला लागले. आबांची मान हळूहळू वर आली.

दत्तूची जोड त्याच्यापेक्षा अंगानं मोठी होती. मला कुस्तीतलं कळत नाही, मी नुसती त्या उजव्या गुडघ्याकडे बघत होते. हलगी घुमत होती. बराच वेळ दोघं एकमेकांच्या मानेला लोंबकळत राहिले. मग तो दुसरा गडी दत्तूला खाली दाबायला लागला, गुडघा मातीत रुतला, आणि माझ्याशेजारून तोफ सुटावी तसा आवाज आला.

"घिस्सा मार, दत्त्या, घिस्सा!"

त्या दिवसापर्यंत ह्या डावाचं नाव आबांच्या तोंडातून धड बाहेर पडलं नव्हतं. दत्तूनं काय केलं मला सांगता यायचं नाही, पण तो मोठा गडी हवेत फिरला आणि त्याची पाठ लाल मातीला लागली. मैदान उसळलं. लोक जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घ्यायला धावले. दत्तू त्यांच्या हातांतून निसटून आबांच्या खुर्चीपाशी आला. एक हात मांड्यांखाली, एक पाठीमागून, आणि आबांना छातीशी घेऊन तो उभा राहिला. हजारो लोक टाळ्या वाजवत होते. मी एकटी त्याची पाठ बघत होते. गुडघे वाकलेले, पाठ ताठ! रोज सकाळी हा माणूस आबांना न्हाणीत नेतो तो अगदी असाच, हे तिथं फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं.

कुणीतरी धावता धावता त्याच्या डोक्याला मानाचा फेटा गुंडाळला. वस्तादाला घेऊन पठ्ठा मैदानाची फेरी मारायला लागला. अर्ध्या फेरीत आबांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. दत्तू पळायला लागला. लोकांना वाटलं जोश चढला. हलगी आणखी जोरात, शिट्ट्या आणखी जोरात. दत्तू मात्र फेरी सोडून सरळ देवळाच्या मागे निघाला, आणि जाता जाता ओरडला, "सिस्टर, पिशवी! बिगीबिगी!"

मी पदर खोचून धावले. देवळाच्या मागे पायरीवर आबा भिंतीला टेकून बसले, मी टॉवेल आडवा धरला. अंगभर लाल माती, डोक्याला मानाचा फेटा आणि हातात भांडं, असा तो मैदान मारलेला पैलवान तिथं उभा राहिला. आबा इतके हसत होते, की काम लवकर होईना. एवढ्यात सर्जेराव धापा टाकत आला, आणि त्याच्यामागून पैलवानाला बघायला निम्मी जत्रा. कोपऱ्यावर येऊन सगळे थबकले.

दत्तू भांडं घेऊन ओढ्याकडे निघाला. सर्जेरावानं त्याला थांबवलं आणि त्याच्या हातातून ते भांडं काढून घेतलं. मी झाकण पुढे केलं. त्यानं ते घेतलं नाही. दोन्ही हातांत भांडं धरून तो थेट गर्दीकडे चालायला लागला.

"काय ओ सर्जेराव," कुणीतरी विचारलं, "काय घेऊन निघालाय?"

"आमच्या आबांचं हाय," सर्जेराव सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा म्हणाला. "सरका वाईच, सांडंल."

आणि लोक सरकले.